राखेवर पाऊल नाही

१

चौथी कोंबडी गेली त्या सकाळी मैनाबाई रडली नाही आणि ओरडलीही नाही. तिनं विळा काढला, अंगणातल्या दगडावर पाणी शिंपडलं आणि धार लावायला बसली. सत्तरीच्या बाईनं सकाळचा चहा सोडून विळ्याला धार लावावी, हे काही बरं लक्षण नव्हे.

रंजीता आली ती नेमकी त्याच वेळी. रंजीता म्हणजे मोहटोल्याची पशुसखी. बकऱ्यांना जंतांचं औषध, कोंबड्यांना मानमोडीची लस आणि आजारी जनावराच्या मालकिणीला धीर, ही तिची रोजची कामं. खांद्याला बर्फाचा डबा आणि पिशवीत वही. गावातल्या माणसांची नावं ती कधीमधी विसरायची, पण कोणाच्या घरी कोणत्या रंगाची पाखरं आहेत हे तिला तोंडपाठ होतं.

"काय झालं व बाई?"

"कवडी गेली," मैनाबाई धारेवरून नजर न काढता म्हणाली. "पयले लाली, मंग काळी, मंग तुरेवाली, आन् आज कवडी. चार दिवसांत चार. मी इथीच झोपून होती, रंजीता. हात लांब केला तं दाराले लागते इतकी जवळ."

रंजीतानं खुराड्याकडे नीट पाहिलं. विटामातीचं, वर कौलं, दोन घरांमधल्या भिंतीला टेकवून बांधलेलं. समोरच्या बाजूला मासोळीचं जुनं जाळं दुहेरी करून ठोकलेलं. घर धीवराचं, जाळं फाटलं म्हणून कोणी टाकत नाही, कुठे ना कुठे ते कामाला येतं. पंधरा दिवसांपूर्वी रानमांजरानं हेच जाळं फाडून एक कोंबडी नेली होती, तेव्हा पिसांची रांग थेट तळ्याच्या पाळीपर्यंत गेली होती. त्या दिवसापासून मैनाबाईनं जाळं दुहेरी केलं, दाराच्या फळीला वरवंटा टेकवला, रोज सांजेला खुराड्याभोवती चुलीतली राख चाळून पसरायला सुरुवात केली आणि स्वतःची खाट अंगणात आणली.

आज जाळं शाबूत होतं. रक्ताचा थेंब नव्हता, पीस नव्हतं. राखेवर फक्त आता बाहेर पडलेल्या कोंबड्याची आणि दोन कोंबड्यांची पावलं होती, आणि मैनाबाईची. आत टोपल्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. रंजीतानं हात घातला तर तिनं टोच मारून तो परत पाठवला.

"चोर मले माहीत हाय," मैनाबाई एकदम आवाज चढवून म्हणाली. तोंड रंजीताकडे असलं तरी बोलणं भिंतीकडे होतं. "काही लोकाईले दुसऱ्याचं सुख पाहावत नाई!"

भिंतीपलीकडे धुरपता राहायची, मैनाबाईची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेलेले, पोरी लग्न होऊन गेलेल्या, आणि दोघींमध्ये अकरा वर्षांचा अबोला. बोलायचंच झालं तर भिंतीला, मांजराला नाहीतर देवाला उद्देशून बोलायचं. ऐकणारीनं काय ते ऐकून घ्यायचं. आज पलीकडून उत्तर आलं नाही.

आली ती वनरक्षक प्रवीणची मोटारसायकल. गाडी बंद न करताच तो म्हणाला, "मैनाबाई, तळ्याच्या पाळीवर बिबट्याची ताजी पावलं आहेत. तुमच्या खाटेपासून शंभर पावलंबी नाई. आठ दिवसांपासून फिरून राह्यला तो. आज कोनी बाहेर झोपाचं नाई."

"मी झोपनार."

"बाई, जीव जाईन!"

"माह्या कोंबड्या गेल्या तवा आलता का तुमचा साहेब?" मैनाबाईनं खाटेखालून सुंभाची दोरी काढून दाखवली. एक टोक खुराड्याच्या फळीला बांधायचं, दुसरं स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला. फळी हलली की अंगठा ओढला जाणार आणि विळा हातात तयार. "आज चोर राहीन नाईतं मी."

रंजीता नवी नवरी होऊन या गावात आली तेव्हा तळ्यात उतरायला घाबरायची. याच बाईनं तिच्या पोटाखाली हात धरून तिला पोहायला शिकवलं होतं. तो हात अजून तिला पाण्यात आठवायचा.

"मैनाबाई," ती म्हणाली, "सांजेच्या आत मी चोर दाखवला तं आत झोपशीन?"

मैनाबाईनं अंगठ्यानं विळ्याची धार पाहिली. "झोपीन. नाई दाखवला तं मंग मले कोनी काही सांगाचं नाई."

२

"जनावर नाही हे," रंजीता बाहेर आल्यावर प्रवीणला म्हणाली. "बिबट्यानं खुराडंच फोडलं असतं. मुंगूस आत शिरलं की नेते कमी आन् मारते जास्त. एकाच रात्रीत चारही मरून पडल्या असत्या. रानमांजर पिसं सांडते. अजगरानं एक गिळली तर आठ दिवस जागचा हलत नाही. आणि यातलं कोणीही आलं असतं तरी राखेवर काही तरी उमटलं असतं."

"मंग मानूस?"

"माणूस काय उडत येतो?"

प्रवीण पुढच्या टोल्यावर, म्हणजे पुढच्या वस्तीवर, सांगायला निघून गेला आणि रंजीता समोरच्या मुखरूभाऊंकडे वळली. त्यांचा कुत्रा शेऱ्या कोंबड्यांमागे धावतो, अशी गल्लीभर तक्रार होती. धावायचा खरा, पण आजवर एकही पकडली नव्हती; शेऱ्या म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं.

"आठ दिवसांपासून तो माह्या खाटेखाली झोपते," मुखरूभाऊ म्हणाले. "बिबट्याले कुत्रा लय आवडते म्हनतात. सांजेले आत घेतो, सकाळी सोडतो. अन् झोपते तरी कुठी? थाळी वाजवून वाजवून सगळ्याइची झोप उडवली तिनं."

"कोणी?"

"कोनी म्हनजे? धुरपतानं! अंधार पडला का वाजवते, थांबते, परत वाजवते, पाहाटपर्यंत. जावेले झोप येऊ नये म्हनून. मैनाच म्हनते तसं."

अबोल्यातही इतकी मेहनत घेणारी बाई रंजीतानं पाहिली नव्हती. रात्रभर जागून दुसऱ्याची झोप मोडायची, तर स्वतःचीही मोडतेच की. तिनं हे मनात ठेवून दिलं आणि अंकुशची वाट पाहत बसथांब्याकडे गेली.

३

अंकुश म्हणजे कोंबड्यांचा व्यापारी. गावोगाव फिरून गावरान पाखरं घ्यायची आणि मोहर्लीकडच्या हॉटेलांना पोचवायची, हा त्याचा धंदा. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या टोपल्या, आणि टोपल्यांपेक्षा जास्त कलकल त्याच्या तोंडाची. दुपारी बारा वाजता तो मोहटोल्यातून जाई, त्याच वेळी मैनाबाई डोक्यावर टोपली घेऊन गल्लीगल्लीत मासोळी विकत असे.

रंजीतानं टोपलीतून एक पीस उचललं. पांढऱ्यावर काळे ठिपके.

"हे कवडीचं आहे."

"असन," अंकुश म्हणाला. "ठिपकेवाली कोंबडी जगात एकच हाय का?"

"या गावात एकच होती. माझ्या वहीत आहे."

अंकुशनं कपाळावरचा घाम पुसला. "रंजीताताई, मी चोरीचा माल घेत नाई. माह्या लेकराची शपथ. या हप्त्यात तुमच्या गावातून एकही कोंबडी विकत घेतली नाई. चार पोचवल्या, दोन कोसांवरच्या गावात. रोज एक, भर दुपारी. त्याइच्या हातानं टोपल्यात ठेवल्या, वरून कणीची पुडी देल्ली, 'रस्त्यानं उन्हात ठेवू नोको' म्हनून दहा वेळा बजावलं. चोर असं करते का?"

"कोणी दिल्या?"

"सांगत नाई. कसम घातली हाय. आन् खरं सांगू का? देतानी रडून राह्यली होती ती. रडनाऱ्या बाईची कसम मी मोडत नाई."

त्यानं किक मारली आणि धुरळा उडवत निघून गेला. रंजीता भर उन्हात उभी राहिली. भर दुपारी, तो म्हणाला होता. पण कवडी तर रात्री बंद खुराड्यातून गेली होती ना?

४

धुरपता चुलीपुढे बसली होती. डोळे लाल, सुजलेले. दाराशी एक पितळी थाळी आणि तिच्यावर पळी ठेवलेली.

"मले काय विचारतं?" ती रंजीताकडे न बघता म्हणाली. "आमचा अबोला हाय. तिच्या कोंबड्याचं मले काय माहीत?"

"मी काही विचारलंच नाही अजून."

धुरपतानं चुलीत काडी सारली. "आजबी बाहेरच झोपनार हाय का ते?"

"चोर सापडेपर्यंत झोपणार म्हणते. आज तर पायाला दोरी बांधून. उठून पळायचं म्हटलं तरी पळता यायचं नाही."

काडी धुरपताच्या हातातून सुटली. तिनं ती उचलली नाही. "दोरी बांधून," ती पुटपुटली. "अशी कशी व येडी." मग स्वतःशीच हिशेब करावा तशी बोलली, "अजून दोन राह्यल्या आन् कोंबडा. चौथी तं अंड्यावर. तिले उठाले अजून आठ दिवस."

"काय म्हणालात?"

"काही नाई. जा तू. मले काम हाय."

काम काही दिसत नव्हतं. रंजीता बाहेर पडली तेव्हा धुरपता थाळी पदरानं पुसत होती. रंजीताला त्या क्षणी तिची फार दया आली, आणि का आली ते मात्र कळेना.

५

उन्हं कलायला लागली. प्रवीणनं फोनवर सांगितलं की, बिबट्यानं पलीकडच्या टोल्यावर एक बकरी उचलली. रंजीता खुराड्यापुढे बसून राहिली. मैनाबाई राख चाळायला घेत होती.

आतली खुडूक कोंबडी डोळे मिटून अंड्यांवर पसरली होती. रंजीता तिच्याकडे बघत होती आणि बघता बघता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ही कशी वाचली?

ही टोपल्यात, जमिनीलगत, दाराच्या अगदी तोंडाशी. खुडूक कोंबडी जागची हलत नाही, पळत नाही. रात्री जो कोणी हात घालेल, मग तो पंजा असो की पाचबोटी हात, त्याला पहिली हीच सापडणार. वरच्या बांबूवरची कवडी सोडून हिला का ठेवलं? एकाच कारणानं. चोर खुराड्यात कधी आलाच नव्हता. ज्या बाहेर चरायला गेल्या त्याच गेल्या. जी बाहेर पडत नाही ती राहिली.

"मैनाबाई, काल सांजेला कवडी आत गेलेली तू डोळ्यांनी पाहिली?"

"सगळ्या जातात. आपोआप जातात. मी फळी लावतो."

"मोजल्या?"

मैनाबाईनं चाळणी थांबवली. तिला हा प्रश्नच विचित्र वाटला. "दिवेलागनीले कोनी पाखरं मोजते का? सासू म्हनत जाय, दिवा लावाच्या वेळेले मोजली तं घटतात. लग्न होऊन आली तवापासून मी सांजेले मोजली नाई. सकाळी उघडतो, तवा मोजतो."

म्हणजे इतके दिवस सगळं गाव रात्रीच्या चोराला शोधत होतं. बिबट्या, मुंगूस, रानमांजर, सगळे बिचारे उगाच पिंजऱ्यात उभे केले. कोंबडी दुपारीच जायची; ती नाही हे कळायचं दुसऱ्या सकाळी. राखेवर पाऊल उमटणार कुठून?

"बाई, सांजेला तू मोजत नाहीस, हे कोणाला ठाऊक आहे?"

"कोनाले असन? हे आमच्या घरचं. सासूनं आपल्या सुनाइले सांगतलं."

"सुना किती?"

मैनाबाई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. तिनं चाळणी खाली ठेवली. विळा उचलला. आणि अकरा वर्षांत जो उंबरठा ओलांडला नव्हता तिकडे तरातरा चालायला लागली.

६

रंजीता धावत मध्ये आली आणि धुरपताच्या दारातच तिनं मैनाबाईचा हात धरला. "विळा दे आधी. मी चोर दाखवीन म्हणाले होते, पण चोरी का झाली ते ऐकायचं राहिलं."

"पोटात जळते म्हनून, अजून काऊन?"

"जळतं म्हणून चोरणारी कोंबडी कापून खाते, नाहीतर विकते. यांनी चारही जिवंत, कणीच्या पुडीसकट, पायलकडे पाठवल्या. रडत रडत. खरं ना, धुरपताबाई?"

पायल म्हणजे धुरपताची पोरगी, दोन कोसांवरच्या गावात दिलेली. धुरपता भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं मान हलवली.

"आणि रात्रभर थाळी," रंजीता म्हणाली. "मैनाबाई, ती तुझी झोप मोडायला वाजत नव्हती. वनखात्याची माणसं सांगतात ना, आवाज करत राहा, बिबट्या जवळ येत नाही. तू खाटेवर पडलीस की या खिडकीत बसायच्या. आठ रात्री या झोपल्या नाहीत. डोळे बघ त्यांचे."

मैनाबाईनं बघितलं. इतक्या वर्षांत इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत असेल.

"खुराडं रिकामं झालं तर तू आत झोपशील, एवढाच त्यांचा हिशेब होता. एकदम सगळ्या नेल्या असत्या तर सांजेलाच तुझ्या ध्यानात आलं असतं, म्हणून रोज एक. चुकलं ते इतकंच की, दर कोंबडीगणिक तुझी खाट खुराड्याच्या हातभर जवळ सरकत गेली."

बाहेर मुखरूभाऊ शेऱ्याला घरात घ्यायला हाका मारत होते.

मग धुरपता बोलली. रंजीताशी नाही, भिंतीशी नाही. थेट.

"प्रवीणले सांगतलं, तिले समजव. कोनाचं ऐकतं का तू? चार कोंबड्या गेल्या तं जाऊ शिव्या देईन, देऊ दे म्हनलं. तो बिबट्या आला असता तं मले शिव्या द्यायले कोन राहीन?"

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला आणि तिनं पदर तोंडाला लावला. मैनाबाईनं विळा रंजीताच्या हातात दिला. तिचे ओठ हलत होते, पण अकरा वर्षांनंतर पहिला शब्द कोणता काढावा हे तिला सुचत नसावं. रंजीताचा जीव टांगणीला लागला. आता ही परत फिरली तर खाट, दोरी, अंधार, सगळं आलंच.

"तुरेवालीले कणी चारली?" मैनाबाई अखेर म्हणाली.

"चारली."

"तुऱ्याच्या जातीले कणी पचत नाई! हगवन लागते! ज्वारी देत जा म्हनून सासूनं सांगतलं होतं तुले!"

"सासूनं मले नाई सांगतलं, तुले सांगतलं! तू थोरली ना? थोरलीले सगळं सांगे ते, मले कोन विचारे?"

"काऊन, तुले घडीभर बसाले येळ होता का तिच्यापाशी? माहेरी पळत जाय!"

"माह्या मायचं दुखनं होतं तवा! तूच म्हनली होतीस, जा म्हनून!"

"म्हनली होती! पन परत ये म्हनाले माणूस पाठवावं लागलं होतं का नाई?"

बोलता बोलता मैनाबाई आत जाऊन पाटावर बसली. भांडता भांडता धुरपतानं चुलीवर आधण ठेवलं आणि डब्यातला चहा संपला म्हणून त्याचाही दोष जावेलाच दिला. एकीचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरीचं सुरू होत होतं. रंजीता दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. मुखरूभाऊंच्या परसात तारेची बारीक जाळी पडून होती. ती आणून तिनं खुराड्याला दोन्ही बाजूंनी ठोकली, खालची कड दगड-मातीनं दाबली आणि फळीला आकडा लावला. मासोळीचं जाळं मासोळीला ठीक. दातवाल्या जनावरापुढे त्याचं काही चालत नाही, हे ती गावाला वर्षभर सांगत होती. कोंबडा आणि दोन कोंबड्या आपणहून आत गेल्या. खुडूक जागची हलली नाही. मग रंजीतानं मैनाबाईची खाट उचलून धुरपताच्या घरात नेऊन टाकली. दोघींपैकी एकीचंही तिकडे लक्ष नव्हतं.

बाहेर येऊन तिनं धुरपताचं दार ओढून घेतलं. आतून आवाज चढतच होते. आता गोष्ट कोणाच्या तरी लग्नातल्या भाजीपर्यंत पोचली होती. तळ्याकडे अंधारून आलं होतं आणि गल्लीत एकही खाट नव्हती.

मुखरूभाऊंनी खिडकीतून डोकं काढलं. "रंजीता, लय पेटलं व हे. मी जाऊन सोडवू का?"

"खबरदार, मुखरूभाऊ," रंजीता म्हणाली. "अकरा वर्षांचं तुंबलं आहे. रात्रभर होऊ द्या."